चेहरा ज्याचा, शब्द त्याचा

बोगाची आणि माझी ओळख मिरच्यांनी करून दिली.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. जानेवारीची थंडी, खिडकी उघडायची सोय नाही, आणि मला ठेच्याची हुक्की आली. तव्यावर मिरच्या टाकल्या मात्र, फायर अलार्म असा काही बोंबलला की अख्खी बिल्डिंग बर्फात येऊन उभी राहिली. कोणी बाथरोबमध्ये, कोणी मांजर पोटाशी धरून. सगळ्यांना खोकल्याची उबळ आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. माझा नवरा मोहन माझ्यापासून चार हात लांब जाऊन उभा राहिला, ही बाई कोण ते आपल्याला माहीतच नाही असा.

तेवढ्यात एक उंच, पाठीत वाकलेला म्हातारा माझ्याकडे आला. पायजम्यावर तपकिरी कॉर्डरॉयचा कोट, डोळ्यांतून पाणी. "हे तुम्ही जाळलंत?" मी पदर खोचायच्या तयारीत. म्हटलं, हो, मीच. काय म्हणणं आहे? तर तो म्हणाला, "थँक यू. मी इथे इतकी वर्षं राहतोय, पण ही माणसं मी आज पहिल्यांदा बघितली. दर आठवड्याला जाळत चला."

हा बोगा. पूर्ण नाव बोगोल्युब, आडनाव माझ्या जिभेला शेवटपर्यंत जमलं नाही. सर्बियाचा सिनेमा दिग्दर्शक. वयाने माझ्या वडिलांच्या जवळचा, तेव्हा रीतीने मी 'अहो' म्हणायला हवं. पण आमचं बोलणं इंग्रजीत, तिथे सगळेच 'यू', आणि मनातल्या मनात तो माझ्यासाठी पहिल्या दिवसापासून 'अरे बोगा' होता. त्याचं इंग्रजी माझ्या आईच्या हिंदीसारखं होतं. व्याकरणाशी उभं भांडण, पण मुद्दा कधी चुकायचा नाही.

युनिव्हर्सिटीत तो एक कोर्स शिकवायचा. कायमची नोकरी त्याला कोणी दिली नाही आणि त्यानेही मागितली नाही. गाडी नव्हती. सगळीकडे बसने फिरायचा, खिशात लहानसा कॅमेरा. मी म्हटलं, अरे, मी सोडते ना, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जातेच आहे मी. तर म्हणे, "तुझ्या गाडीत मला फक्त तू दिसशील. तू छान आहेस, पण रोज?" असा चावरा. घरी गेलं की लांब दांड्याच्या भांड्यात काळीकुट्ट कॉफी उकळायचा, आणि ती नको म्हणणाऱ्याला घरातून घालवायचंच बाकी ठेवायचा.

एकदा त्याने मला वर्गात नेऊन बसवलं. त्या दिवशी मुलांना स्वतःचा जुना सिनेमा दाखवत होता. बिल्डिंगा बांधणारे मजूर, त्यांनी बांधलेल्या घरांच्या तळघरात झोपणारे. सर्बिया तेव्हा ज्या मोठ्या देशात होता, त्याच्या सरकारने तो बंद पाडला होता. सिनेमाभर बोगा पडद्याकडे पाठ करून बसला आणि मुलांची तोंडं बघत राहिला. अर्ध्या तासात निम्मी मुलं फोनवर. दिवे लागल्यावर एकीने विचारलं, तुमच्यावर बंदी होती तेव्हा फार वाईट वाटायचं का? बोगा म्हणाला, "तिथे माझ्या सिनेमाला पहिल्या रांगेत पोलीस बसायचे. ते निदान शेवटपर्यंत बसायचे."

मुलं हसली. तोही हसला. घरी येताना बसमध्ये मात्र त्याचं हसू गेलं होतं. मग म्हणाला, "ज्या देशाने बंदी घातली तो देशच उरला नाही, नीला. आता बंदी उठवा म्हणून मी कोणाच्या दारात जाऊ?" मी आपलं त्याला खिशातलं आवळ्याचं सुपारीवजा काहीतरी दिलं. त्याने ते तोंडात टाकलं आणि असं तोंड केलं की समोरची बाई घाबरली.

त्याच वर्गातला दुसरा किस्सा. एका मुलाने बसस्टॉपवर झोपणाऱ्या एका बेघर माणसाचा शॉट घेतला होता. धुकं, पिवळा दिवा, सगळं इतकं देखणं की मीसुद्धा 'वा' म्हणाले. बोगाने विचारलं, "याला दाखवलंस?" मुलगा म्हणाला, कोणाला? "ज्याचा चेहरा आहे त्याला." नाही दाखवलं. बोगाने लॅपटॉप मिटून त्याच्या हातात दिला. "आधी त्याला. तो नको म्हणाला तर काढून टाक. मग मला." पोरगं बिचारं हिरमुसून गेलं. मी बाहेर आल्यावर बोगावर चिडले, अरे किती कौतुकाने दाखवत होता तो! बोगा म्हणाला, "माझ्या दुकानात एकच नियम. चेहरा ज्याचा, शेवटचा शब्द त्याचा."

मला तेव्हा तो म्हातारपणचा हेका वाटला होता.

दिवाळीला मी त्याला मराठी मंडळात घेऊन गेले. कशाला नेलं असं झालं मला. शाळेचा हॉल, पैठण्या, फराळाची ताटं, निवृत्त डॉक्टर मंडळी पुढच्या खुर्च्यांवर. बोगाने चकली खाल्ली, अनारसा खाल्ला, नाटुकलं बघितलं, म्हणजे नाटुकलं बघणाऱ्यांना बघितलं. मग मंडळाच्या अध्यक्षांनी, मोठे हार्ट सर्जन आहेत ते, त्याला कौतुकाने विचारलं, कशी वाटली आमची कम्युनिटी? बोगाने हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "या खोलीत कोण नाही?"

अध्यक्षकाका म्हणाले, "आमचे सेक्रेटरी फ्लोरिडाला गेलेत."

"नाही, तसं नाही," बोगा म्हणाला. "कोण येऊ शकलं असतं आणि आलं नाही?"

काका हसले आणि चहाकडे वळले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, कारण खुर्च्या खरंच कमी भरल्या होत्या. गेल्या वर्षी ढोल वाजवणारी ती जोडी कुठे होती? रांगोळी काढणारी ऋचा कुठे होती? मग माझ्या लक्षात आलं. त्या वर्षी कंपन्यांमधून धडाधड लोक काढले जात होते. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर बिऱ्हाड उचलून देश सोडायचा. आणि नोकरी गेलेला मराठी माणूस काय करतो? तो पहिल्यांदा मंडळात येणं बंद करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही म्हण मी बोगाला समजावून सांगितली. त्याने कॉफीचे दोन घोट घेतले. मग म्हणाला, "वाईट म्हण आहे. मूठ झाकणाऱ्याचा हात किती दुखतो ते त्यात नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने शेवटचा सिनेमा सुरू केला.

शेवटचा, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्याची फुफ्फुसं घट्ट होत चालली होती. लॅबमध्ये काम करणारीला रिपोर्ट वाचता येतात, हा एक शापच आहे. जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचा रंग बघितल्याचं नाटक करायचा. मग नाकात ऑक्सिजनची नळी आली, पाठीवर छोटं मशीन आलं. ते घेऊनच तो बसमध्ये चढायचा.

प्रसाद त्याला बसमध्येच भेटला. आमच्या ऋचाचा नवरा. नागपूरचा मुलगा, गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत होता. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, पाठीवर लॅपटॉप, हातात डबा, आणि उतरायचा गावातल्या लायब्ररीपाशी. बोगाने काही दिवस नुसतं बघितलं. मग एकदा शेजारी बसून विचारलं, "तुझं ऑफिस पुस्तकांचं आहे का?" प्रसाद आधी हसला आणि मग, बोगा सांगायचा, उतरेपर्यंत त्याने खिडकीबाहेर तोंड वळवून ठेवलं. नोकरी गेल्याचं घरी त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं; दिवाळीला मंडळात न जायलाही कामाचंच निमित्त सांगितलं होतं. ना ऋचाला, ना नागपुरात आई-वडिलांना. कंपनीने काही महिने कागदोपत्री नाव ठेवलं होतं, तेवढ्यापुरता व्हिसा शाबूत होता.

कसं काय तयार झाला तो कॅमेऱ्यासमोर, देव जाणे. मला वाटतं, इतके दिवस त्याच्याशी कोणी बोललंच नव्हतं. बोगाची अट एकच, स्वतःच्या भाषेत बोलायचं. "इंग्रजीत सगळेच इंटरव्ह्यू देतात," म्हणायचा. त्याला मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं. समोर बसून तो फक्त आवाज ऐकायचा आणि चेहरा बघायचा. काय बोलणं झालं ते त्याला मी सांगायचं, म्हणजे सबटायटल्सचं काम माझ्या गळ्यात. "अरे, मी रक्ताच्या बाटल्या मोजणारी बाई," मी म्हटलं. तर म्हणे, "मग हेही तेच काम आहे. चालू कर."

आणि एका रविवारी दुपारी त्याच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, मी तो तुकडा बघितला.

लायब्ररीशेजारच्या बागेतलं बाकडं. प्रसाद डबा उघडतो. पोळी तोडतो, पण खात नाही. आणि बोलायला लागतो. "ऋचा आजकाल पोळीला तूप जास्त लावून राहिली. म्हणते, तू वाळला. ऑफिसात फार काम देतात का तुला? मी म्हणतो, हो ना, रिलीज आहे. मग ती अजून तूप लावते. मला त्या तुपाची लाज वाटते हो. पोळी घशाखाली उतरत नाही, आन् डबा परत नेला तर तिला समजते. म्हणून मी खातो. रोज रडत खातो आन् मग तोंड धुतो." मग तो खरंच खातो. सगळा डबा. बोगाने कॅमेरा हलवलेला नाही.

मी हेडफोन काढला. बोगा माझ्याकडेच बघत होता. "काय म्हणाला?" त्याने विचारलं. मी सांगायला लागले आणि मध्येच मला हुंदका आला, पुढे बोलताच येईना. बोगाने मान हलवली. "मला वाटलंच होतं जेवणाबद्दल आहे," एवढंच म्हणाला.

सिनेमाचं नाव त्याने ठेवलं होतं 'या खोलीत कोण नाही'. बाकीचे तुकडे होतेच. रिकाम्या खुर्च्यांचा हॉल, बस, सामान बांधणारं एक तेलुगू कुटुंब. पण जीव होता तो प्रसादच्या डब्यात. बेलग्रेडच्या एका छोट्या महोत्सवाने सिनेमा मागितला. त्याच्या स्वतःच्या गावाने! तिथे त्याचं नाव घ्यायचीसुद्धा चोरी होती इतकी वर्षं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे येलेनाचा फोन आला. येलेना त्याची मुलगी. देशाचे तुकडे पडले त्या युद्धाच्या काळात तो निघून आला तेव्हा आईपाशी मागे राहिलेली, आणि त्यानंतर बापाशी एक शब्द न बोललेली. बातमी वाचून तिने फोन केला आणि म्हणाली, "मी येईन बघायला. शेवटच्या रांगेत बसेन. मधूनच उठून गेले तर मनाला लावून घेऊ नकोस."

हे मला सांगताना बोगाचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. डॉक्टर विमानप्रवासाला नाही म्हणत होते, तो ऐकायला तयार नव्हता. तिकीट काढलं, नवा शर्ट आणला. कॉर्डरॉयचा कोट ड्रायक्लीनिंगला दिला. तो कोट मी त्याच्या अंगावरून पहिल्यांदाच उतरलेला बघितला. मोहनला मी म्हटलं, हा माणूस त्या अंधारात मुलीच्या शेजारी बसेपर्यंत तरी जगू दे रे देवा. माझं दुसरं काही मागणं नव्हतं.

मग नियमाप्रमाणे आधी प्रसादला दाखवायचं ठरलं. शनिवारी दुपारी तो आला, पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. बोगा नेहमीसारखा पडद्याकडे पाठ करून, त्याच्याकडे तोंड करून. मी दाराशी. डब्याचा तुकडा आला तेव्हा प्रसादने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले. संपलं. 

"लई चांगलं केलं सर," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून मराठीत, "ताई, सरांना सांगा, मला काढून टाका म्हणा."

माझ्या कानावर विश्वास बसेना. "काढून टाका म्हणजे?"

"बहिणीचं लग्न जमलं ताई. पोराकडचे लोक मोठे आहेत, त्यांना भाऊ अमेरिकेत आहे एवढंच माहीत आहे. बाबांनी कॉलनीभर सांगितलं. आन् ऋचाला अजून मी... तिने हे असं पडद्यावर बघायचं का?"

"अरे, पण हे बेलग्रेडला दाखवणार आहेत! तिथे कोण येतंय तुझ्या बहिणीच्या सासरचं?"

"ताई, आता बेलग्रेड आन् नागपूर एकच झालं. कोणी तरी मोबाइलवर घेते, ग्रुपवर टाकते. झालं."

मी बोगाला इंग्रजीत सांगितलं. खरं सांगते, मनात आलं की नको सांगूया, काहीतरी दुसरंच सांगूया. पण बोगाने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं होतं. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि प्रसादला म्हणाला, "ठीक आहे."

ठीक आहे! प्रसाद त्याच्या पाया पडून गेला आणि मी बोगावर तुटून पडले. चेहरा धूसर कर! आवाज बदल! समजाव त्याला, मी समजावते, मी ऋचाशी बोलते! तुला वेड लागलंय का? येलेना येणार आहे!

"चेहरा पुसला की माणूस गुन्हेगार दिसतो," बोगा म्हणाला. "त्याने काही गुन्हा केलेला नाही."

"मग तू काय गुन्हा केलायस म्हणून अशी शिक्षा?"

त्यावर तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग त्याने विचारलं, "तुमच्यात आईच्या भावाला वेगळा शब्द आहे ना?" म्हटलं, आहे, मामा. "आमच्यातही आहे. उयाक. इंग्रजीत नुसतं अंकल. कोणाचा कोण कळतच नाही." आणि मग त्याने झोरानचं सांगितलं. झोरान त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, येलेनाचा मामा, तिचा जीव की प्राण. त्याला युद्धावर नेलं होतं. परत आला तो बोगाच्या स्वयंपाकघरात बसून बोलला. एका गावात त्याच्या तुकडीने काय केलं आणि तो कसा नुसता उभा राहिला, ते सगळं. बोगाने ते चित्रित केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झोरान म्हणाला, ते काढून टाक.

"मी त्याला म्हणालो, हे आता तुझं राहिलं नाही. हे देशाचं आहे." बोगा हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. "मला खरंच तसं वाटत होतं. फार मोठ्या गोष्टी वाटायच्या तेव्हा मला."

एका तळघरात एकदाच दाखवला तो सिनेमा. पण कोणीतरी त्याची कॉपी केली. निम्म्या गावाने झोरानला देशद्रोही ठरवलं, उरलेल्या निम्म्याने खुनी. लोक दारावर लिहून जायचे. मुलं त्याच्या मागे ओरडायची. वसंतात तो नदीत सापडला. बोगाच्या बायकोने बोगासाठी घराचं दार बंद केलं, आणि येलेना तेव्हा शाळकरी पोर होती.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. 

त्याने प्रसादचा सगळा भाग काढला. काढला म्हणजे पुसलाच. कुठे कॉपी ठेवली नाही. "ठेवलेली कॉपी बाहेर पडते," म्हणाला. उरलेला सिनेमा आम्ही दोघांनी बसून बघितला. बस, खुर्च्या, बांधलेल्या बॅगा. मीठ नसलेल्या आमटीसारखा. बोगा पहिल्यांदाच पडद्याकडे तोंड करून बसला होता, कारण माझ्या तोंडावर काय दिसेल ते त्याला आधीच माहीत होतं. संपल्यावर त्याने महोत्सवाला कळवलं की सिनेमा तयार नाही, येत नाही. येलेनाला मात्र कळवलं नाही. रोज म्हणायचा, उद्या सांगतो.

आणि मग ते झालं, ज्याचा मला आजही संताप येतो. पण कोणावर काढू? प्रसादला नोकरी मिळालीच नाही. ऋचाला कळलं, अहो, कळणारच होतं, बँकेतून, मुलीच्या शाळेतून, कुठून ना कुठून. दोघं मुलीला घेऊन नागपूरला परत गेली. तिथून त्याचा मला फोन आला. आवाज एकदम मोकळा. लग्न मोडलं नव्हतं. पोराकडचे म्हणाले, होते आजकाल असं, आमच्याही पुतण्याचं झालं. ऋचा चार दिवस बोलली नाही, मग म्हणाली, तू एकट्याने रडत खाल्लंस याचा मला राग आहे. "ताई, सरांना सांगा, आता दाखवा म्हणा," प्रसाद म्हणाला. "आता लपवाचं काय राहिलं? बाबांनापण दाखवीन मी."

काय सांगू त्याला? मी म्हटलं, सांगते हो. फोन ठेवला. ज्याच्यासाठी एवढं सगळं पुसलं, त्याला ते आता हवं होतं.

बोगा तोवर घरीच अंथरुणाला खिळला होता. हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या दिवसांत सेवा करणारी नर्स येऊन जायची. मी दुपारच्या सुट्टीत मऊ भात घेऊन जायचे, तो दोन घास खायचा आणि मीठ कमी आहे म्हणायचा. त्या दिवशी मी त्याला सांगून टाकलं. वाटलं, ओरडेल, निदान एक शिवी तरी देईल. तो म्हणाला, "बायको बोलायला लागली? छान." मग थोड्या वेळाने, "नोकरी?" मी म्हटलं, अजून नाही. त्याने मान वळवली. खिडकीबाहेर बस येऊन थांबली, गेली. मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं आणि तो बसकडे बघत होता.

मग म्हणाला, "फोन दे. येलेनाला सांगतो."

तिथे संध्याकाळ असणार. मी फोन स्पीकरवर टाकून उशीवर ठेवला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. तो सर्बियनमध्ये बोलत होता, दोन शब्द आणि एक श्वास, दोन शब्द आणि एक श्वास. मला कळत नव्हतं, पण काय सांगतोय ते कळत होतं. सिनेमा येणार नाही. एका माणसाने काढायला सांगितलं. मी काढलं. हे सांगताना त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी आई आहे, मला ते कळतं. शाबासकी मागणारं होतं ते. 'बघ, या वेळी मी ऐकलं' असं.

मला वाटलं फोन कट झाला. मग ती बोलली. अगदी हळू, एकच वाक्य. त्यात मला एक शब्द ओळखू आला. उयाक.

बोगा छताकडे बघत राहिला. मी विचारलं, काय म्हणाली? त्याने फोनवर तळवा ठेवला आणि मला इंग्रजीत सांगितलं, शब्द न् शब्द, मी त्याला प्रसादचं सांगायचे तसं.

"ती विचारतेय, मामानेही सांगितलं होतं. मग त्याचं का नाही ऐकलंस?"

तो माझ्याकडे बघत होता, खरोखर विचारत होता. "काय सांगू?" मला, जिला उभ्या आयुष्यात कधी शब्द कमी पडला नाही, जिने या माणसाला प्रत्येक गोष्टीत चार सल्ले दिले, मला एक अक्षर सुचेना. मी नुसती 'नाही' अशी मान हलवली.

त्याने तळवा उचलला. तिने फोन ठेवलेला नव्हता. मी डबा तिथेच ठेवला, कोट घेतला आणि बाहेर आले, कारण तिथे तिसऱ्या माणसाचं काही काम नव्हतं. दार ओढताना मागे वळून पाहिलं. फोन आता त्याच्या तोंडाजवळ होता आणि तोंड उघडं होतं. मशीन चालू होतं. तो बोलत नव्हता, आणि तीही बोलत नव्हती. दोघंही थांबून राहिली होती, त्याला पुरेसा श्वास मिळेपर्यंत.